शॅनन-अर्न जलमार्ग : गॅरडाइस सरोवरात मुक्काम करावा का?

प्रश्न : आयर्लंडमध्ये भाड्याच्या बोटीने लेट्रिम गावातून अर्न नदीकडे जाताना गॅरडाइस सरोवरात मुक्काम करावा, की थेट पुढे जावे? आम्ही सगळेच नवखे आहोत.

उत्तर १ : मुक्काम अवश्य करावा. लॉख स्कर सरोवर या सर्वोच्च टप्प्यापर्यंत ८ लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारे दरवाजेबंद कप्पे) चढावे लागतात, मग उतार लागतो. दरवाजे स्मार्ट कार्डाने उघडत असले, तरी पाण्याची पातळी बदलेल तसा दोर सैल-घट्ट करण्यात नवख्यांची दमछाक होते.

उत्तर २ : सहमत आहे, मात्र अरुंद कालव्यातून मोकळ्या पाण्यात शिरताच वारा जाणवतो, म्हणून बोटीचा मार्ग दाखवणाऱ्या खुणांची मर्यादा सोडू नये. १८६० मध्ये पूर्ण झालेला हा कालवा रेल्वेपुढे टिकला नाही आणि थेट १९९४ मध्ये पुन्हा खुला झाला, त्यामुळे काठावर गजबजलेल्या बाजारपेठेची अपेक्षा (कृपया!) ठेवू नये.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. किराणा वाटेतल्या बॅलिनामोर गावातच भरून घेऊ.