प्रतिसाद: पोटातलं बाळ आणि खुनाचं कलम

वर एकांनी लिहिलंय की मारहाणीत पोटातलं मूल गेलं तर सरळ खुनाचं कलम लागतं. तसं नाही हो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 100 च्या स्पष्टीकरणातच म्हटलंय की गर्भातल्या मुलाचा मृत्यू म्हणजे मनुष्यवध नव्हे. बाळाचा एखादा अवयव जरी बाहेर आला असेल, तर मात्र तो होऊ शकतो.

मग काय लागतं? बाईच्या संमतीविना गर्भपात घडवला तर कलम 89, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. मारहाण अशी की बाई दगावली असती तर सदोष मनुष्यवध (जीव जाईल हे ठाऊक असून किंवा त्याच हेतूने मारणं) ठरला असता, पण ती वाचली आणि पोटातलं हालचाल करणारं बाळ गेलं, तर कलम 92, दहा वर्षांपर्यंत. 1 जुलै 2024 पूर्वीच्या घटनांना जुन्या भारतीय दंड संहितेची (आयपीसी) कलमं 313 आणि 316.

आमच्या वाडीत गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) भांडण झालं, सात महिन्यांच्या गरोदर सुनेला चिऱ्यांवर ढकललं. पोलिसांनी अदखलपात्र (न्यायालयाच्या हुकमाशिवाय तपास होत नाही अशी) नोंद करून हातात कागद दिला. गरोदर असल्याचा त्यात उल्लेखच नाही! सासरे म्हणाले, "पोट दिसत होतं की सगळ्यांना." पण ती गरोदर आहे हे आरोपीला ठाऊक होतं किंवा ठाऊक असायला कारण होतं, हे कागदावर यायला हवं; गर्भपात 'इच्छापूर्वक' घडवला का, हे ठरवताना त्या शब्दाच्या व्याख्येत तेच बघतात. आधीची सोनोग्राफी, नंतरची सोनोग्राफी, दोन्ही जपून ठेवा.

बाळ जखमी होऊन जन्मलं आणि जगलं, तर? मारायचा हेतू नसेल तर त्याच्यासाठी वेगळं कलमच नाही. मला खरी खोट तिथे दिसते.