मदत हवी आहे : संग्रहालयाच्या कोठारातल्या पैठण्या लोकांना कशा दाखवाव्यात?

आमच्या कोकणातल्या छोट्या संग्रहालयाचं कोठार महिन्यातून एकदा लोकांसाठी उघडायचंय. लंडनच्या व्ही अँड ए संग्रहालयाच्या ईस्ट स्टोअरहाउस या कोठारात २०२५पासून आधी नोंदवून कोठारातली वस्तू जवळून बघता येते. तसंच, लहान प्रमाणात. फोटोंसह नोंदवही तयार आहे. एका वेळी पाच माणसं, सोबत आमचा माणूस. समया, अडकित्त्यांची काळजी नाही. अडलंय जुन्या पैठण्यांवर. घडीवर जरीचे धागे तुटायला लागले म्हणून घड्या मोडून धुतलेल्या मलमलीसह रुळांवर गुंडाळल्या. पण दर वेळी उलगडल्या तर झिजणारच, आणि कोठारात येऊन पैठणी न बघता कुणी परत जावं हे मला पटत नाही. हवा दमट, एसी नाही, काचेचे खण परवडत नाहीत. प्रकाश ५० लक्सच्या आत, म्हणजे मंदच ठेवू. रुळावरच फक्त पदर उघडा ठेवून दाखवण्याची सोय कुणी केली आहे का? पदरावर ताण न येता तो कशावर टेकवता, आणि वरून काय झाकता?