८०८५ मध्ये पत्ता आणि डेटा एकाच पिनांवरून का जातात?

प्रश्न: मी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ८०८५ प्रोसेसरमध्ये मेमरीतील जागा सांगणाऱ्या १६ बिटांच्या पत्त्याचे खालचे ८ बिट आणि ८ बिटांचा डेटा एकाच पिनांवरून जातात, असे आम्हाला शिकवले. मग त्यांची गल्लत कशी होत नाही?

उत्तर १: या चिपला ४० पिना आहेत. पत्त्याला १६ आणि डेटाला ८ स्वतंत्र पिना दिल्या असत्या, तर वीजपुरवठा, क्लॉक, इंटरप्ट आणि नियंत्रणाचे सगळे संकेत उरलेल्या १६ पिनांत बसवावे लागले असते. गल्लत टळते ती वेळेच्या विभागणीमुळे. प्रत्येक मशीन सायकलच्या (एका वाचनाच्या किंवा लेखनाच्या फेरीच्या) पहिल्या टी-स्टेटमध्ये, म्हणजे क्लॉकच्या एका आवर्तनात, या पिनांवर पत्ता असतो आणि एएलई (अ‍ॅड्रेस लॅच एनेबल) हा संकेत उंचावतो. तो खाली येताच बाहेर जोडलेला लॅच, बहुधा ७४एलएस३७३, तो पत्ता धरून ठेवतो आणि पिना डेटासाठी मोकळ्या होतात.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. मग वरच्या ८ बिटांना लॅच का लागत नाही?

उत्तर २: त्यांच्या पिना स्वतंत्र आहेत आणि वाचन किंवा लेखन पूर्ण होईपर्यंत त्यांवरील पत्ता स्थिर राहतो. ‘एमव्हीआय ए, ३२एच’ (३२एच ही सोळा-आधारी संख्या ए रजिस्टरमध्ये भरणे) ही सूचना कागदावर काढून पाहा, कारण वेळेची आकृती स्वतः काढल्याशिवाय हा विषय खरोखर उमगत नाही, असे माझे ठाम मत आहे. ऑपकोड (काय करायचे ते सांगणारा सूचनेचा पहिला बाइट) आणण्यासाठी ४ आणि ३२एच वाचण्यासाठी ३, असे ७ टी-स्टेट लागतात, म्हणजे ३ मेगाहर्ट्‌झला सुमारे २.३३ मायक्रोसेकंद, तेवढ्यात एएलई दोनदा उंचावतो.