निवृत्तीनंतर अर्धे वर्ष ठाण्यात, अर्धे कॅनडात: दिवस, घर आणि आई यांचे नियोजन कसे करावे?

मूळचा नौपाड्याचा:

नमस्कार. मी आणि माझी पत्नी गेली २४ वर्षे कॅनडात, ओंटारिओ प्रांतातील मिसिसागा शहरात राहतो. दोघांकडेही कॅनडाचे नागरिकत्व आणि भारताचे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयांना मिळणारे) आहे. येत्या जूनमध्ये मी निवृत्त होत असून, त्यानंतर दरवर्षी १५ ऑक्टोबरला ठाण्यात यायचे आणि १५ एप्रिलला परत जायचे, असा आमचा विचार आहे. तिकडचा बर्फ टळेल, दिवाळी आणि पाडवा घरी होईल, हा त्यातला आनंदाचा भाग. घोडबंदर रस्त्यावर आमची टूबीएचके सदनिका आहे. ती भाड्याने दिलेली नाही, बंदच असते. भारतातील उत्पन्न म्हणजे केवळ ठेवींवरचे व्याज, वर्षाला सुमारे सहा लाख रुपये.

मुख्य कारण मात्र आई. तिला ८४ वर्षे पूर्ण झाली आहेत आणि ती नौपाड्यात धाकट्या भावाकडे राहते. गेली अकरा वर्षे भाऊ आणि वहिनीनेच तिचे सर्व केले. आता वर्षातले सहा महिने तरी तिला आमच्या घरी आणावे आणि त्यांचा भार हलका करावा, असे मनापासून वाटते. सहा-सहा महिने म्हटले की कराच्या दृष्टीने आपण दोन्हीकडे सुरक्षित राहतो, असे मी समजून चाललो आहे. हे समजणे बरोबर आहे का? आणि बंद घराची व्यवस्था आपण कशी ठेवता? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

ऐरोलीकर:

मी गेली सात वर्षे ऐरोली आणि कॅनडातील ब्रॅम्प्टन अशी दोन घरे सांभाळतो आहे. आपण दिलेल्या तारखा माझ्याही होत्या आणि त्यांतच मी चुकलो, म्हणून आधी तेवढेच सांगतो. भारताचे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. पहिल्या हिवाळ्यात १५ ऑक्टोबर ते ३१ मार्च असे आपले १६८ दिवस भरतील आणि सारे ठीक वाटेल. परंतु १ ते १५ एप्रिल हे १५ दिवस पुढच्या आर्थिक वर्षात जमा होतात, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपण पुन्हा आलात की १५ अधिक १६८ म्हणजे १८३ दिवस होतात. भारतात १८२ किंवा त्याहून अधिक दिवस राहणारी व्यक्ती आयकरासाठी निवासी ठरते. माझ्या सीएंनी पासपोर्टावरचे शिक्के एकेक करून कागदावर उतरवले, तेव्हा मी एका दिवसाने रेषेपलीकडे गेलो होतो. येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस मी मोजतो. त्याबद्दल मतभेद आहेत, पण मतभेदाच्या काठावर आपले वर्ष उभे करू नये.

एक वर्ष निवासी ठरल्याने लगेच आकाश कोसळत नाही. सुरुवातीला आपण आरएनओआर (निवासी, पण सामान्यतः निवासी नसलेला) या मधल्या वर्गात राहता आणि परदेशातील उत्पन्नावर सहसा येथे कर लागत नाही. मात्र मागील सात आर्थिक वर्षांतील मुक्काम ७२९ दिवसांच्या पुढे गेला आणि मागील दहांपैकी नऊ वर्षे अनिवासी असल्याची अटही तुटली, की तो वर्ग संपतो. आपल्या तारखांनी चार-पाच हिवाळ्यांत ती वेळ येईल, आणि मग कॅनडातील निवृत्तिवेतनासह सर्व जगातले उत्पन्न भारतात दाखवावे लागेल. दोन देशांमधील दुहेरी कर टाळण्याच्या कराराचा आधार मिळतो, पण मिसिसागातील घर तसेच ठेवल्यामुळे कॅनडाही आपल्याला निवासीच मानत राहील, आणि दोन्हीकडची विवरणपत्रे जुळवण्याचे काम दरवर्षीचे होऊन बसेल. वाचकांपैकी ज्यांचे भारतातील उत्पन्न १५ लाखांहून अधिक आहे त्यांनी आणखी जपावे: मागील चार वर्षांत एकूण ३६५ दिवस भरले असतील, तर २०२० च्या दुरुस्तीनंतर त्यांची मर्यादा १२० दिवसांवर आली आहे.

ओंटारिओची आरोग्य योजना, म्हणजे ओहिप, वेगळाच हिशेब मागते. कोणत्याही सलग बारा महिन्यांत किमान १५३ दिवस प्रांतात असावे लागते. आपल्या बेतात ते बसते, पण आईच्या आजारपणामुळे मुक्काम महिनाभर लांबला तर शिल्लक जवळजवळ काहीच उरत नाही. शिवाय देशाबाहेर रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास ओहिप दिवसाला जास्तीत जास्त ४०० डॉलर देते, तेही तातडीच्या उपचारांपुरते. म्हणून भारतातील आरोग्य विमा आजच घ्या. आधीपासून असलेल्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ तीन वर्षांपर्यंत असू शकतो. तो निवृत्तीची वाट न पाहता आत्ताच सुरू झालेला बरा.

बँकेबद्दल थोडक्यात. जुने साधे बचत खाते अजून तसेच असेल तर ते एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासींच्या रुपयांतील खात्यात, बदलून घ्या. त्यावरील व्याजातून ३० टक्के कर आणि वर उपकर कापला जातो, पण विवरणपत्र भरून जादा कापलेला परत मिळवता येतो. कॅनडात परदेशी मालमत्ता जाहीर करण्याचा टी११३५ हा अर्जही पाहा: स्वतःच्या वापराची सदनिका त्यातून सुटते, ठेवी सुटत नाहीत, आणि परदेशी मालमत्तेची मूळ किंमत एक लाख डॉलरच्या वर गेली की तो भरणे बंधनकारक आहे.

सचिव, खारघर:

कराविषयी वर उत्तम लिहिले आहे. मी गृहनिर्माण संस्थेचा सचिव या नात्याने बंद घराबद्दल लिहितो. आमच्या ६४ सदनिकांपैकी नऊ वर्षातला बराच काळ बंद असतात. दोन वर्षांपूर्वी जुलैत चौथ्या मजल्यावरच्या अशाच एका घरात बेसिनखालचा अँगल कॉक सुटला. मालक परदेशात, किल्ली पुण्यातल्या मेहुण्यांकडे. ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचले. तोवर गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद ठेवावा लागल्याने त्या रांगेतल्या सर्व घरांचे पाणी तुटले होते. खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या पुस्तकांच्या कपाटात पाणी उतरले. पानापानांत वर्तमानपत्राचे कपटे घालून आम्ही ती पुस्तके जिन्याच्या पायऱ्यांवर वाळत ठेवली, आणि आजोबा प्रत्येक पायरीवर थांबून पाने उलटत होते. मालकांनी रंगकामाचा खर्च लगेच दिला. पुस्तकांचा कसा देणार?

म्हणून किल्ली आवारातच, विश्वासातल्या शेजाऱ्यांकडे ठेवा आणि तसे पत्र संस्थेला द्या. निघताना घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. नहाणी ट्रॅपमधले, म्हणजे न्हाणीघरातल्या जाळीखालच्या वाटीतले, पाणी आटले की झुरळे आणि दुर्गंध दोन्ही वर येतात. त्यात पाण्यावर थोडे खाद्यतेल ओतून ठेवले तर पाणी लवकर उडत नाही. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा तरी कोणीतरी घर उघडून पंखे चालवायला हवेत, नाहीतर प्लायवूडच्या कपाटांना बुरशी धरते. बाल्कनीला जाळी नसेल तर कबुतरे संसार थाटतात, आणि परतल्यावर पहिला आठवडा त्यातच जातो. महावितरणचे बिल बंद घरालाही स्थिर आकारासह येते; ते खात्यातून आपोआप जाईल असे करा. संस्थेचे बिनभोगवटा शुल्क मात्र घर भाड्याने दिले तरच लागते, केवळ कुलूप लावले म्हणून नाही. आणि लागले तरी ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. भावाच्या नावे मुखत्यारपत्र करायचे असल्यास तिकडेच ते रीतसर साक्षांकित करून घ्या, आणि ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा.

पाचपाखाडीची सून:

मी आपल्या वहिनींच्या जागी आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करते. माझे मोठे दीर आणि जाऊबाई चार वर्षांपासून दर हिवाळ्यात अमेरिकेहून येतात. पहिल्या वर्षी त्यांनी अतिशय प्रेमाने सासूबाईंना आपल्या कोलशेतच्या घरी नेले. आमच्या घरी पलंगावरून उठले की डाव्या हाताला न्हाणीघर आहे. तिथे त्या जागी कपाट होते. तिसऱ्या रात्री दोन वाजता जाऊबाईंना जाग आली, तेव्हा सासूबाई अंधारात त्या कपाटाची मूठ धरून, दार का उघडत नाही म्हणून रडवेल्या होऊन उभ्या होत्या. आठव्या दिवशी त्या परत आल्या. ८० वर्षांच्या पुढच्या माणसाला दर सहा महिन्यांनी घर बदलायला लावू नये, एवढे आम्ही सगळेच त्यातून शिकलो.

दुसरी गोष्ट, त्या वर्षी ‘आता आम्ही आहोत’ असे म्हणून दिरांनी सांभाळणाऱ्या मावशींना थांबवले. हेतू चांगलाच होता. एप्रिलमध्ये ते गेले, तोपर्यंत मावशींनी दुसरीकडे काम धरले होते, आणि नव्या बाई मिळेपर्यंतचे सात आठवडे मी रजा काढून काढले. आता मावशी बाराही महिने असतात आणि त्यांचा अर्धा पगार दीर वर्षभर पाठवतात. ते येथे असतात तेव्हा जाऊबाई रोज सकाळी आठ ते एक आमच्या घरी येतात. गोळ्यांची डबी भरणे, डॉक्टरांकडे नेणे, नखे कापणे ही कामे त्यांची. गेल्या जानेवारीत मी आणि माझे यजमान सहा वर्षांत पहिल्यांदा चार दिवस गुहागरला जाऊन आलो.

आणखी एक विनंती. आमच्या सासूबाईंची सर्व मोठी आजारपणे जुलै ते सप्टेंबर या काळात झाली आहेत, जेव्हा दीर येथे नसतात. वर ऐरोलीकरांनी दिवसांची जी मर्यादा सांगितली, तिच्यातले सगळे दिवस हिवाळ्यातच खर्च करू नका. काही पावसाळ्यासाठी राखून ठेवा.

मूळचा नौपाड्याचा:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ऑक्टोबर ते एप्रिलचा बेत आम्ही सोडून दिला आहे. आता ५ नोव्हेंबरला येऊन ३१ मार्चला निघायचे ठरवतो आहोत. त्याचे १४७ दिवस होतात. गणपतीच्या सुमारास तीन आठवडे एकट्याने येण्यासाठी २१ धरले तर १६८, आणि अचानक यावे लागले तर १३ दिवस हाताशी राहतात. दिवाळी ऑक्टोबरात येईल त्या वर्षी तारखा तेवढ्या मागे घेऊ. एप्रिलमधला हापूस मात्र हुकणार, त्याची चुटपुट पत्नीला आहे. विम्याचा अर्ज कालच भरला, आणि तिकिटे काढण्यापूर्वी हे आकडे सीएंना दाखवणार आहे.

पाचपाखाडीच्या ताई, आपले लिहिलेले वाचून मी काल वहिनीला फोन केला. आईला आमच्याकडे नेण्याचा विषय काढला नाही. तुला नेमकी कोणती वेळ मोकळी हवी आहे, एवढेच विचारले. अकरा वर्षांत मी हे पहिल्यांदाच विचारत होतो. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली की सकाळचे तिला जमते, सवय झाली आहे. दुपारी दोन ते सहा कोणी आईजवळ बसले तर बरे होईल. त्या वेळा आम्ही घेतल्या आहेत.