सडा पडीक की भरलेला?

कातळफुल्या: कोकणातल्या सड्यांची, म्हणजे जांभा दगडाच्या उघड्या पठारांची, सातबाऱ्यावर 'पोटखराबा' (लागवडीला निरुपयोगी) म्हणून नोंद, केंद्राच्या पडीक जमिनींच्या ॲटलासमध्येही उघड्या खडकाचा वेगळा वर्ग. जमिनीची किंमत तिच्यातून काय निघतं यावर ठरवायची, हीच मूळ गफलत. जांभ्यावर माती बोटभर, पण पावसाळ्यात तिथेच सीतेची आसवं आणि दवबिंदू ही इवली झाडं फुलतात. नत्र मिळत नाही म्हणून किडे खाऊन जगतात! कुणी बघायला गेलं नाही तरी त्यांना जगायचा हक्क आहे. सुरुंग लावून आंब्याच्या कलमांचे खड्डे पाडणं थांबवा.

रत्नांग्रीकर: हक्क ठीक. पण ज्याच्याकडे सड्याखेरीज जमीनच नाही त्याने काय करायचं? सुरुंग, बाहेरून आणलेली माती, टँकरचं पाणी, एवढा खर्च कुणी हौसेने करत नाही. तुमची फुलं चार महिने, आमचे बँकेचे हप्ते बारा महिने.

वहाळ: हक्क घटकाभर बाजूला ठेवू, पाणी बघू. जांभा सच्छिद्र. सड्यावर मुरलेला पाऊस खालच्या वाडीतल्या झऱ्यांना, विहिरींना मिळतो. सडा एकाचा असेल, पाणी वाडीचं आहे.

रत्नांग्रीकर: मग वाडीने भाडं द्यावं! चिरेखाणवाला, जांभ्याचे चिरे काढणारा, रोख देतो.

कातळफुल्या: म्हणजे पुन्हा पैशावरच आलो. उद्या रिफायनरीने वाडीपेक्षा जास्त दिले तर? रत्नागिरी जिल्ह्यातल्या बारसूच्या सड्यावर दोन वाघांमध्ये उभा माणूस कोरलाय. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. तरी २०२३ मध्ये तिथेच रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं. रिकामी जागा समजूनच ना?

पठारावरचा: कातळफुल्या, ती शिल्पं माणसांनीच खोदलीत हे विसरू नका. माणसाला वगळून सडा राखता येत नाही. साताऱ्याजवळच्या कासच्या फुलांच्या पठारावर पर्यटकांना आवरायला कुंपण घातलं, त्यात गुरंही अडली. चराई थांबली की गवत माजतं, बुटकी फुलझाडं दबतात. स्थानिकांनी हीच तक्रार केली आणि पुढे कुंपण काढावं लागलं. माझी कसोटी साधी: वापरा, पण उलटवता येईल असं. चरलेलं गवत पुढच्या पावसाला परत येतं, फोडलेला कातळ येत नाही.

रत्नांग्रीकर: कसोटी पटली. पण गुरं राखायला माणूस कुठून आणू? वाडीत उरलेत सगळे साठीच्या पुढचे. रोजगार हमीत गुराखी बसतो का, तेवढं विचारून सांगा.