तापमान वाढवल्यावर रासायनिक अधिशोषण आधी वाढतं, ते का?

बीएस्सी_दुसरं_वर्ष
अधिशोषणाचा (वायूचे रेणू घन पृष्ठभागावर चिकटण्याचा) तक्ता पाठ आहे. भौतिक अधिशोषण: २० ते ४० किलोज्यूल प्रति मोल, अनेक थर, रिव्हर्सिबल. रासायनिक: ८० ते २४०, एकच थर, विशिष्ट (ठरावीक पृष्ठभागावरच), इर्रिव्हर्सिबल. पण दोन्हींत उष्णता बाहेरच पडते ना? मग ले शाटेलियरच्या नियमाप्रमाणे (समतोल बदलाला विरोध करणाऱ्या बाजूला सरकतो) तापमान वाढलं की दोन्ही कमीच व्हायला हवीत. रासायनिकचा आलेख आधी चढतो कसा?

अणुरेणू
सक्रियण ऊर्जा, म्हणजे प्रक्रिया सुरू व्हायला किमान ऊर्जा, लागते म्हणून. पेपरात एवढं लिहिलंस तरी चालेल.

उत्प्रेरकवाली
उत्तर बरोबर आहे, पण एवढ्यावर सोडू नकोस, शंका फार चांगली आहे. ले शाटेलियर समतोलाबद्दल सांगतो. तिथवर पोचायला किती वेळ लागेल हे सांगत नाही. थंडीत रासायनिक अधिशोषण समतोलाला पोचतच नाही, म्हणून आलेख चढताना दिसतो. एकदा वेग पुरेसा झाला की मग तुझा नियम लागू होतो आणि आलेख उतरतो.

लोखंड आणि नायट्रोजन बघ. ८३ केल्विनला अख्खा रेणू रेणूंमधल्या दुर्बळ व्हॅन डर वाल्स बलांवर नुसता टेकलेला असतो. जरा तापवलं की सुटतो. पण ७७३ केल्विनच्या आसपास तोच नायट्रोजन पुन्हा लोखंड धरतो, आणि आता तिहेरी बंध तुटून सुटे अणू पृष्ठभागाशी जोडले जातात. अमोनिया बनवण्याच्या हेबर प्रक्रियेतली सगळ्यात अवघड पायरी हीच. गेरहार्ड एर्टल यांनी ती उलगडून दाखवली. पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी त्यांना २००७ चं नोबेल मिळालं.

आमच्या लॅबमध्ये अ‍ॅल्युमिनावरचं प्लॅटिनम तपासताना मी दोन्ही प्रकार वापरते. पावडरची नळी द्रव नायट्रोजनच्या डेवारमध्ये (थर्मॉससारख्या भांड्यात) बुडवली की आतला नायट्रोजनचा दाब भराभर उतरतो: अ‍ॅल्युमिना असो की प्लॅटिनम, तो सगळीकडे बसतो. त्यावरून एकूण पृष्ठफळ मिळतं. डेवार काढला की वायू जसाच्या तसा परत. मग त्याच पावडरवरून साधारण ३५ अंश सेल्सिअसला कार्बन मोनॉक्साइडचे ठरावीक मापाचे झोत सोडते. पहिले झोत डिटेक्टरवर दिसतच नाहीत, प्लॅटिनम गिळून टाकतं. हळूहळू शिखरं उंच होत जातात आणि एकदाची सारखी येऊ लागली की समजायचं, थर भरला. किती वायू अडकला त्यावरून वर उघडे असलेले प्लॅटिनमचे अणू काढता येतात. ‘एकच थर’ आणि ‘विशिष्ट’ हे तक्त्यातले दोन्ही शब्द त्या आलेखात दिसतात. मला हा प्रयोग अजूनही मनापासून आवडतो.

बीएस्सी_दुसरं_वर्ष
ताई, मग प्लॅटिनमवरचा मोनॉक्साइड कधीच सुटत नाही?

उत्प्रेरकवाली
सुटतो की. पुरेसं तापवलं की मोनॉक्साइड म्हणूनच बाहेर येतो. म्हणून तक्त्यातल्या ‘इर्रिव्हर्सिबल’ पुढे ‘बहुधा’ लिहून ठेव. कोळशावरच्या ऑक्सिजनचं मात्र वेगळं. अतिथंड तापमानाला बसलेला ऑक्सिजन ऑक्सिजन म्हणूनच निघतो. खोलीच्या तापमानाला बसलेला तापवलास तर मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड होऊन निघतो, सोबत कोळशातला कार्बन घेऊन.