मदत हवी आहे: मोटारीचा वेग तेवढाच वाढला, मग कार्य तिप्पट कसं?

सातपूरकर
नमस्कार मंडळी. मुलगी नववीला आहे, मराठी माध्यम. ‘कार्य आणि ऊर्जा’ धड्याच्या सरावात गणित आलं: १००० किलोची मोटार ताशी ३६ किमीवरून ७२ वर नेली, तर कार्य किती? ३६ म्हणजे सेकंदाला १० मीटर, ७२ म्हणजे २०. गतिज ऊर्जा (वेगामुळे असलेली ऊर्जा: अर्धं गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग) आधी ५०,००० ज्यूल, नंतर २,००,०००. वजाबाकी दीड लाख. हे तिला येतं.

तिचं म्हणणं असं: “पप्पा, उभी गाडी १० पर्यंत न्यायला ५०,००० लागले. पुढच्या १० ला दीड लाख का? जोर तोच, वेग वाढला तोही तेवढाच.” वेगाचा वर्ग आहे म्हणून, असं सांगितलं तर म्हणते, वर्गच का? क्लासमध्ये विचारलं तर ‘सूत्र पाठ कर’ एवढंच उत्तर मिळालं. मी अकाउंट्सवाला, बारावीनंतर भौतिकशास्त्राचं तोंड पाहिलेलं नाही.

दुसरा प्रश्न त्याहून बेकार. पाथर्डी फाट्यावर शेजारून ३६ नेच चाललेल्या बसमधून ही मोटार बघितली, तर ती शून्यावरून १० वर गेलेली दिसणार. म्हणजे बसवाल्याच्या हिशेबाने कार्य ५०,०००च. पेट्रोल तर एकदाच जळलं! कोण खरं?

निवृत्त_मास्तर
पोरगी हुशार आहे, तिला सूत्र पाठ करायला लावू नका.

पहिल्याचं उत्तर अंतरात आहे. समजा मोटारीवर सतत २००० न्यूटन बल आहे. त्वरण २ मीटर प्रतिसेकंद वर्ग, म्हणजे शून्य ते १० ला ५ सेकंद आणि १० ते २० लाही ५ सेकंदच. पण पहिल्या ५ सेकंदांत गाडी २५ मीटर जाते आणि पुढच्या ५ सेकंदांत ७५ मीटर, कारण ती आधीच पळते आहे. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. वेळ त्यात येतच नाही. २००० गुणिले २५ आणि २००० गुणिले ७५ तिलाच करू द्या. वर्ग कुठून आला ते तिला आपोआप दिसेल.

चौदा_चाकी
मास्तरांचंच उलटं करून दाखवतो. ब्रेक सारखाच दाबला आणि ३६ ला गाडी १० मीटरात थांबत असली, तर ७२ ला ४० मीटर लागतात. वर ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचं अंतर वेगळं, ते दुप्पटच होतं.

आणि कसारा घाट उतरताना वेग एकसारखा ठेवला, तर गतिज ऊर्जा बदलतच नाही. उंची कमी होते त्याची ऊर्जा सगळी ब्रेकमध्ये आणि इंजिनात जिरते. म्हणून खालच्या गियरवर उतरायचं. नुसता पाय दाबून आलात, तर खाली पोचेपर्यंत लायनरचा वास येतो.

सातपूरकर
२५ आणि ७५ एकदम पटलं. तिने वेग-काळ आलेख काढून खालचं क्षेत्रफळ मोजलं, बरोबर तेच आकडे. बसचं काय पण, सर?

निवृत्त_मास्तर
दोघेही खरे. वेग कोण बघतो त्यावर ठरतो, मग गतिज ऊर्जा आणि कार्यही त्यावरच ठरणार. पेट्रोलचा हिशेब मात्र जुळलाच पाहिजे आणि तो जुळतो.

बसमधून बघा: मोटार २५ मीटर पुढे जाते, तिला मिळाले ५०,०००. पण बसवाल्याला रस्ता सेकंदाला १० मीटरने मागे पळताना दिसतो, ५ सेकंदांत ५० मीटर. टायर त्या रस्त्याला मागेच रेटतो, त्याच २००० न्यूटनने. रस्त्यावर, म्हणजे पृथ्वीवर, झालेलं कार्य १,००,०००. दोन्हींची बेरीज करा.

सातपूरकर
दीड लाख! अकाउंट्सवाल्याला याहून काय हवं. तिला दाखवलं, तर म्हणते रस्त्यावरून बघणाऱ्याच्या हिशेबात पृथ्वीचा खर्च कुठे गेला?

निवृत्त_मास्तर
त्याला रस्ता जागेवरच दिसतो. विस्थापन शून्य, म्हणून कार्यही शून्य. इंजिनात उष्णता म्हणून वाया जाते ती आपण यात धरलेली नाही, तेवढं तिला सांगा. परीक्षेत बस आणायची नाही, रस्त्याच्या सापेक्ष वेग घ्यायचा आणि उत्तरापुढे ज्यूल लिहायचं.